झरणीची निगा

पुष्कळ घरांत टेबलाच्या खणांत आजोबांची झरणी, म्हणजे फौंटनपेन, पडून असतें. चालत नाहीं म्हणून तें बाजूस पडतें. परंतु बहुधा त्यांत बिघाड नसतो, वाळलेली शाई अडकलेली असते.

निबाखालच्या जिभेस बारीक खांचा असतात. त्यांतून शाई उतरते आणि तिच्या जागीं हवा वर जाते. या योजनेचें पेटंट लुइस वॉटरमन यांस १८८४ सालीं मिळालें. खांचा बुजल्या कीं ही देवघेव थांबते.

म्हणून शाई बदलतांना झरणी थंड पाण्यानें धुवावी. ऊन पाण्यानें एबोनाइटाचा काळा रंग विटतो. राजमहेंद्रीस १९३२ पासून हातानें घडणाऱ्या रत्नम् लेखण्यांतही एबोनाइट वापरतात. तशी एक लेखणी वापरून गांधीजींनीं १९३५ सालीं आभाराचें पत्र धाडलें होतें.

लांकडी लेखणीचें पथ्य निराळें. लांकूड पाण्यानें फुगतें व वाळतांना तडकतें. निबाचा भाग उलगडून तेवढाच धुवावा. दांडी कोरड्या फडक्यानें पुसावी. चित्रकलेची न पुसणारी काळी शाई कोणत्याच झरणींत भरूं नये. तींतील लाख खांचांत घट्ट बसते.

आजोबांच्या झरणीचें निब कांहीं तास पाण्यांत बुडवून ठेवावें. आंतील रबरी पिशवी कडक झाली असल्यास कारागिराकडून बदलून घ्यावी. एवढ्यानें बहुतेक जुन्या झरण्या पुन्हां लिहूं लागतात; मग ती खणांत न ठेवतां घरांतील लिहित्या मुलाच्या हातीं द्यावी. रोज लिहिल्यानें शाई वाहती राहते, हीच झरणीची खरी निगा होय.