ट्रम्पेटचा तारस्वर आणि ओठांची तालीम

वाशीम, कारंजा, रिसोडकडील बँडपथकांत लग्नसराईभर ट्रम्पेट वाजवणाऱ्या ज्या बांधवांना जाझचे आकर्षण आहे, त्यांच्यासाठी हे टिपण मुद्दाम लिहीत आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ज्यांनी जाझ गाजवला आणि संगीतकार सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ चित्रपटात (१९५१) ज्यांचा ट्रम्पेट निनादला, ते गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे या वाद्याचे आपल्याकडील थोर उपासक होत.

ट्रम्पेटच्या तीन कळांच्या संयोगांतून नळीच्या केवळ सात लांब्या सिद्ध होतात. बाकी सारी स्वरनिवड ओठांच्या कंपनावर अवलंबून असते, आणि तारसप्तकात एकाच कळेवरचे स्वर इतके निकट येतात की तेथे अचूकतेची खरी परीक्षा होते. असा तारस्वर गाठण्यासाठी मुखिका (माउथपीस) ओठांवर दाबण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो सर्वस्वी घातक होय. त्याने रक्ताभिसरण खुंटते. खुद्द थोर जाझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगलाही ओठांच्या दुखापतींमुळे काही काळ वादन थांबवावे लागले होते.

उपाय संथ आहे. आरंभी दीर्घ स्वर, मग कळ न बदलता केवळ ओठ व श्वासाने स्वरांतर. वर जाताना ‘ई’ उच्चारल्याप्रमाणे जीभ उचलावी, म्हणजे हवेला वेग येतो. कॉर्नेटवादक हर्बर्ट क्लार्कने १९१२ च्या आपल्या अभ्यासग्रंथात अत्यंत हलक्या आवाजातील वादनाचा आग्रह धरला, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. जितका वेळ वाजवाल तितकीच विश्रांती घ्या, आणि ओठ सुजल्यास त्या दिवशी वाद्य पेटीत ठेवा.