जुनी विजेची मोटार घेताना

विजेच्या मोटारीला पेट्रोल लागत नाही. डिझेल लागत नाही. तिच्या पोटाशी मोठी बॅटरी असते. तिच्यात वीज भरायची आणि गाडी चालवायची. हिची नंबरपाटी हिरवी असते. आपल्या नागपुरात २६ मे २०१७ रोजी अशा मोटारी टॅक्सी म्हणून रस्त्यावर आल्या. आता जुन्या विजेच्या मोटारीही विकायला येतात.

टॅक्सीची सरकारी तपासणी होते. आर.टी.ओ.चा दाखला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी घ्यावा लागतो. पुढे दरसाल. घरच्या मोटारीला मात्र पहिली १५ वर्षे ही तपासणी नाही. विजेची असेल तर धुराचा दाखलाही लागत नाही. मग ती तपासायची कोणी? घेणाऱ्यानेच. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. तसेच इथे करावे.

लोक फक्त बॅटरीची चौकशी करतात. ती करावीच. पण पुष्कळदा खोट साध्या गोष्टींत असते.

टायर : बऱ्याच मोटारींत बॅटरीच दोन क्विंटल किंवा जास्त भरते. हा भार टायरवर पडतो. शिवाय विजेची गाडी जोरात उचल घेते. म्हणून टायर लवकर झिजतात. टायरच्या खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बाद समजा. आतली कडाही वाकून पाहा.

ब्रेक : चालत्या गाडीत पायडलवरून पाय काढला, की मोटर उलट वीज तयार करते आणि गाडी मंदावते. त्यामुळे ब्रेक कमी वापरला जातो. न वापरलेला विळा गंजतो ना? तशीच ब्रेकची लोखंडी चकती गंजते. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक दाबा. गाडी एका अंगाला ओढली, किंवा खरखर आवाज आला, तर सावध व्हा.

सांधे : वजनदार गाडी खड्ड्यांत आदळली, की शॉकअप आणि स्टीअरिंगचे सांधे ढिले होतात. खडखड ऐका.

दिवे : पुढचे, मागचे, ब्रेकचे आणि वळणाचे, सगळे दिवे लावून पाहा.

तारा : नारिंगी रंगाच्या जाड तारांत मोठी वीज असते. त्यांना हात लावू नका. त्या सोललेल्या किंवा जोड दिलेल्या दिसल्या, तर जाणता मिस्त्री बोलवा.

मंडळी, विजेची गाडी मुकाट चालते. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. म्हणून ती निरोगी आहे, असे समजू नका. गाडीत आपली लेकरे बसणार. सौदा ठरवण्याआधी मिस्त्रीला चार पैसे द्या, गाडी उचलून खालून दाखवा, आणि मगच इसार द्या.