एका हाताने टाळी वाजत नाही

मुलांनो, 'गुपी गाइन बाघा बाइन' हा बंगाली चित्रपट १९६९ साली पडद्यावर आला. दिग्दर्शक होते सत्यजित राय. मूळ कथा त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधरी यांची.

गुपी बेसूर गातो आणि बाघाला ढोल नीट वाजवता येत नाही. म्हणून दोघांनाही गावातून हाकलून देतात. जंगलात त्यांना भुतांचा राजा भेटतो. तो त्यांना तीन वर देतो. हवे ते अन्नवस्त्र मिळेल. जादूचे जोडे घालून हवे तिथे जाता येईल. आणि त्यांचे गाणे ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील. मात्र अन्न किंवा प्रवास हवा असेल, तर दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची. एकट्याला काहीच मिळत नाही!

पुढे हल्ला राज्याचे सैन्य शुंडी राज्यावर चालून जायला निघते. सैनिक उपाशी असतात. गुपी-बाघा गाऊ लागतात आणि आकाशातून मिठाईची मडकी उतरतात. सैनिक लढाई विसरून मडक्यांकडे धावतात. रक्ताचा एक थेंबही सांडत नाही.

चित्रपट कृष्णधवल आहे. शेवटचा आनंदाचा प्रसंग तेवढा रंगीत आहे. गावाने ज्यांना निरुपयोगी ठरवले, त्याच दोघांनी मिळून युद्ध टाळले.