पाकपुस्तकाच्या समासातले सांसव

‘पुस्तक बघून स्वयंपाक करते’ हे वाक्य आपल्याकडे सुनेचे कौतुक म्हणून बोलले जात नाही. त्यात टोमणा असतो. स्वयंपाक हाताला यावा, मिठाचा अंदाज चिमटीला कळावा, अशी आपली समजूत. ती खोटीही नाही. पण ही समजूत ज्या काळात रुजली, त्या काळात घरात आई, आत्या, चुलती, सासू अशी शिकवणारी चार माणसे होती. पुढे नोकरीसाठी बिऱ्हाडे परगावी गेली आणि नवी सून गॅसपुढे एकटी उभी राहिली. तिच्या मदतीला पाकपुस्तके धावून आली.

माझे माहेर बेळगावचे आणि सासर आमोण्याचे. आमोणे म्हणजे गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, मांडवीच्या काठचे, बेताळाच्या देवळाचे गाव. चोर्ला घाट उतरून साखळी गाठली की ते फार लांब राहत नाही. सासरच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाचा वरचा खण पाकपुस्तकांचा. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’, मंगला बर्वे यांची ‘अन्नपूर्णा’, सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे चिकटवलेली एक जाडजूड वही. हा सगळा संग्रह सासूबाईंचा. माझ्या आईचे शिक्षण कन्नड शाळेत झाले. तिची कन्नडमध्ये लिहिलेली वही मी नंतर त्याच खणात नेऊन ठेवली.

आपल्या भागाला अन्नावर लिहिण्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला. ते कल्याण म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. त्यात मंडक येतात, म्हणजे आपल्या बेळगावचे मांडेच. मात्र तो राजाच्या भोगाचा ग्रंथ. घरच्या गृहिणीसाठी मराठीत पुस्तक आले ते बऱ्याच काळाने. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालचे. त्यात हजार पाकक्रिया आहेत. ‘रसचंद्रिका’ 1943 ची. ती मराठीत लिहिलेली, पण चित्रापूर सारस्वतांच्या घरातली. म्हणून घश्शी, बेंदी, आंबट ही कारवार-मंगळूरकडची नावे मराठी पुस्तकात येऊन बसली.

‘रुचिरा’ आली 1970 साली. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाईंचे शालेय शिक्षण अगदी थोडे झाले होते. पण नवशिक्या मुलीची अडचण त्यांनी नेमकी ओळखली. तोळे-मासे, शेर-पायली बाजूला ठेवून त्यांनी वाटी आणि चमचा ही दोन मापे घेतली. ती प्रत्येक घरात असतात. ‘रुचिरा’ घराघरांत पोहोचली त्याचे मोठे कारण हेच असावे.

पण पुस्तक घाट उतरून आमोण्याला आले की त्याचे काय होते, हे पाहायचे तर आमच्या प्रतीचे समास पाहावेत. सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिले आहे: ‘नारळ दुप्पट’. दुसऱ्या पानावर: ‘चिंच नको, भिरंडाची सोले’. आणखी एका ठिकाणी: ‘तिरफळे 4, बी काढून’. कृष्णाकाठचा दाण्याचा कूट असा मांडवीकाठी नारळात विरघळतो. माझ्या आईच्या वहीत याच्या उलट प्रवास आहे. तिथे नारळ सणापुरता. रोजच्या जेवणाला गुरेळ्ळूची, म्हणजे कारळ्याची चटणी आणि एण्णेगायी, म्हणजे आपली भरली वांगी.

काही पदार्थ मात्र समासातही नव्हते. घोटांचे सांसव हा त्यातलाच. घोटां म्हणजे लहान, रसाळ गावठी आंबे. सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. दोन वर्षांपासून नजर अधू झाल्याने त्यांची पेन्सिल थांबली आहे. माझ्या मुलीने पुण्याहून फोनवर विचारले, ‘आजी, मोहरी किती घालायची?’ उत्तर आले, ‘पुरे होईल इतकी.’ पुढे म्हणाल्या, ‘घोटां आंबट आसल्यार गोड चड घाल.’ गोड म्हणजे गूळ, हे मुलीला ठाऊक आहे. पण चड म्हणजे जास्त, ते कशापेक्षा जास्त?

म्हणून त्या मे महिन्यात मी त्यांच्याशेजारी वाटी घेऊन बसले. त्यांनी मुठीत घेतलेला जिन्नस भांड्यात पडण्याआधी माझ्या वाटीत, चमच्यात पडायचा. मग मी तो भांड्यात घालायची. ‘किती खोळंबा करतेस गो,’ म्हणत त्यांनी सगळे करू दिले. निघाले ते असे: 10-12 घोटां सोलून, बाठ्यासकट, अर्धी वाटी गूळ आणि थोडे पाणी घालून शिजवायची. एक वाटी ओले खोबरे, 3-4 ब्याडगी मिरच्या आणि चिमूटभर हळद गुळगुळीत वाटायची. चमचाभर मोहरी कोरडीच किंचित गरम करून वाटपात शेवटी घालायची आणि भरडच ठेवायची; फार वाटली तर कडवटपणा येतो. आंबे निवल्यावर वाटप आणि मीठ घालून कालवायचे, पुन्हा उकळी आणायची नाही.

हे लिहिताना नावाकडे लक्ष गेले. कोंकणीत सांसव म्हणजे मोहरी. कन्नडमध्ये सासिवे म्हणजे मोहरी, आणि मलनाडात पिकल्या आंब्याची नारळ-मोहरी लावलेली ‘माविनहण्णिन सासिवे’ करतात. मराठीत राई म्हणजे मोहरी, आणि आपल्या कोकणात करतात ते आंब्याचे रायते. तिन्ही भाषांनी एकाच पदार्थाला मोहरीचेच नाव दिले आहे. मिरची हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, नारळ आमोण्याच्या परसातला. आपल्या पाकपुस्तकांचे खण मात्र बहुधा भाषेप्रमाणे, शहराप्रमाणे आणि ज्ञातीप्रमाणे पाडलेले असतात. दोन भाषांच्या आपल्या घरात जे खरोखर शिजते, त्याला त्यात जागा मिळेलच असे नाही. ती जागा समासात करून द्यावी लागते, आणि तीही सांगणारे माणूस घरात असेपर्यंत.

तेव्हा वाचकहो, पाकपुस्तके जपून ठेवू नका, वापरा. डाग पडू द्या, वर लिहा. पदार्थाची घरात चालणारी सगळी नावे लिहा; नातवंडांना त्यातले एखादे तरी कळेल. आजी ‘अंदाजाने’ म्हणाली तर तिच्या मुठीखाली वाटी धरा. आणि ती वाटी किती पाण्याची, हे पहिल्याच पानावर मिलिलिटरमध्ये लिहून ठेवा. आमच्या आमोण्याच्या वाटीत 150 मिलिलिटर पाणी मावते, माझ्या बेळगावच्या वाटीत 200.