अंगणातली नवी विहीर



गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या मुलीकडे जर्मनीला, वोल्फ्सबुर्गला तीन महिने राहून आले. जावईबापू मूळचे पुण्याचे, इंजिनियर. फोल्क्सवागेन कंपनीने २००९ साली चाकणला कारखाना काढला, तेव्हापासून पुण्याच्या मंडळींची वोल्फ्सबुर्गला ये-जा वाढली. त्यातलेच हे एक. शहराच्या कडेला घर घेतले, आणि यंदा हौसेने घरामागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधून घेतला. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, दीड मीटर खोल. म्हणजे हिशेब केला तर ४८ हजार लिटर पाणी!

मी पहिल्यांदा काठावर उभी राहिले तेव्हा मला आमच्या रेवदंड्याच्या वाडीतली विहीर आठवली. तुमच्यापैकी ज्यांचे बालपण अलिबाग, चौल, पेण, मुरूड भागात गेले, त्यांना विहीर म्हणजे काय ते सांगायला नको. रहाटगाडग्याची कुरकुर, नारळी-पोफळीला जाणारे पाट, वैशाखात गाळ काढायला उतरणारी माणसे, आणि पावसाळ्यात पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर नाहीतर लाल औषध. आणि सगळ्यांत आधी आईची हाक, "कठड्यावरून वाकू नको गं!"

इथे पाणी निळेशार होते. कठडा मात्र नव्हता.

आधी कठडा

तलाव बसवणारी माणसे यंत्र चालू करून, जर्मन भाषेतले जाडजूड पुस्तक हातात देऊन निघून गेली. कुंपण "नंतर बघू" असे ठरले होते. चौथ्या दिवशी दुपारी माझी चार वर्षांची नात चेंडूमागे धावत गेली. तलावावर उष्णता टिकवण्यासाठी फुग्याफुग्यांचे निळे प्लॅस्टिक पसरले होते. चेंडू त्यावर जाऊन थांबला. पोरीला वाटले, ही तर गादीच. तिने एक पाय उचलला आणि मी मागून तिचा फ्रॉक धरला. बस, एवढेच झाले. पण माझे हातपाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

हे प्लॅस्टिक माणसाचे वजन पेलत नाही. मूल त्यावर पाऊल टाकते, प्लॅस्टिक खाली जाते, आणि वरून पुन्हा मिटते. वरून बघणाऱ्याला काही दिसतही नाही. शिवाय बुडणारे मूल सिनेमात दाखवतात तसे ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर येत नाही, तर हाक कुठून मारणार? लहान मूल काही क्षणांत, आवाज न करता बुडते.

त्या रात्री मी जावईबापूंना म्हटले, "बाबा, तोरात काय सांगितलंय? नवे घर बांधलंस तर छपराला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्याचे रक्त तुझ्या घरावर येईल." देवारीमच्या २२व्या अध्यायात ही आज्ञा आहे. रामबामने तर पुढे स्पष्टच केले, की ही गोष्ट फक्त छपराची नाही. अंगणात विहीर किंवा खड्डा असेल, मग त्यात पाणी असो वा नसो, त्याला दहा टेफाख उंच कठडा करावा किंवा वर झाकण घालावे. दहा टेफाख म्हणजे साधारण ८० ते ९५ सेंटीमीटर.

जावईबापू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आई, तुमचं बरोबर आहे. हे काम आधी व्हायला हवं होतं." दुसऱ्याच आठवड्यात सव्वा मीटर उंचीचे कुंपण उभे राहिले. उभ्या सळ्या, म्हणजे पाय ठेवून चढायला जागा नाही. फाटक आपोआप मिटणारे, आणि कडी मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर. कुंपणाजवळ खुर्ची, टेबल, कुंडी ठेवायची नाही. पोहून झाले की चेंडू, फुगे, खेळणी सगळी पाण्याबाहेर. फ्रान्सने तर २००३ साली कायदाच केला, की जमिनीत बांधलेल्या खाजगी तलावाला कुंपण, मजबूत झाकण, धोक्याची घंटा किंवा बंदिस्त छप्पर यांपैकी एक तरी सोय असलीच पाहिजे. पण कायदा असो वा नसो, आपली आज्ञा जुनी आहे.

मग पाणी

कुंपण झाले आणि दोन दिवसांत पाणी हिरवे! अगदी पालकाच्या भाजीसारखे. जावईबापू म्हणाले, "रोज क्लोरीन टाकतोय, तरी असं कसं?" आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसे हे. क्लोरीन टाकत होते, पण पाण्याचा पीएच कोणी मोजला नव्हता.

मुलांनो, पीएच म्हणजे पाणी आंबट आहे की खारे-तुरट, त्याचे माप. तलावाला ७ ते ७.४ चांगले. पीएच ७.२ असेल तर पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग जंतू मारायला तयार असतो. तोच पीएच ८ झाला की जेमतेम पाव भाग कामाचा उरतो, बाकीचा नुसता बसून राहतो. म्हणून नेहमी आधी पीएच नीट करायचा आणि मग क्लोरीन बघायचे. घरच्या तलावात मोकळे क्लोरीन लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरते.

आठवड्यातून दोनदा, आणि उकाडा किंवा पाहुणे असतील तर रोज पाणी तपासावे. नमुना वरचा घेऊ नये. कोपरापर्यंत हात बुडवून, पाणी आत येते त्या तोंडापासून लांबून घ्यावा. डीपीडी नावाची गोळी टाकली की पाणी गुलाबी होते. जितके गडद, तितके क्लोरीन जास्त. एक खोच लक्षात ठेवा. क्लोरीन फारच जास्त असेल तर तो गुलाबी रंगच उडून जातो आणि पाणी कोरे दिसते. माणसाला वाटते क्लोरीन संपले, आणि तो आणखी टाकतो! शंका आली तर नमुन्यात साधे पाणी मिसळून पुन्हा बघावे.

आणि तो डोळे झोंबणारा "क्लोरीनचा वास"? तो चांगल्या क्लोरीनचा नव्हेच. घाम, लघवी, अंगाला लावलेली क्रीमे यांच्याशी क्लोरीन मिसळून जो पदार्थ होतो, त्याचा तो वास. म्हणून पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ. मोठ्यांनीही, बरं का!

हिरवे पाणी कसे सुधारले? पीएच खाली आणला, भिंती आणि तळ ब्रशने घासले, सूर्य मावळल्यावर क्लोरीनचा मोठा डोस दिला, आणि पंप दिवसरात्र चालू ठेवला. गाळणी पुन्हा पुन्हा धुतली. तिसऱ्या दिवशी तळाची फरशी दिसू लागली. क्लोरीन योग्य मापावर उतरेपर्यंत पोहणे बंद.

याच गडबडीत एक मोठा अनर्थ टळला. एका डब्यातली उरलेली पावडर दुसऱ्या डब्यात ओतायला जावईबापू निघाले होते. मुलीने लेबल वाचले आणि ओरडली. दोन वेगवेगळ्या जातींची क्लोरीन-औषधे एकत्र आली तर आग लागू शकते, स्फोटही होतो. पीएच उतरवायचे आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. तेव्हा प्रत्येकाचा चमचा वेगळा, बादली वेगळी. औषध पाण्यात टाकायचे, औषधावर पाणी कधीही ओतायचे नाही. डबे कोरड्या, हवेशीर जागी, कुलपात ठेवायचे.

मग यंत्र

यंत्र म्हटले की आम्ही म्हातारी माणसे घाबरतो, पण हे समजायला सोपे आहे. पाण्याच्या काठावर एक तोंड असते, त्याला स्किमर म्हणतात. ते वरचा पालापाचोळा ओढून घेते. मग पंपाची जाळीची टोपली, मग पंप, मग वाळूने भरलेली गाळणी, आणि स्वच्छ पाणी पुन्हा तलावात. आमच्या रहाटगाडग्यासारखाच हा फेरा. बैलाच्या जागी वीज, इतकेच.

दिवसातून साधारण दोनदा सगळे पाणी गाळून निघावे. आमचा पंप तासाला सुमारे ९ हजार लिटर ओढतो, म्हणजे दहा-अकरा तास चालला पाहिजे. वीज वाचवायला तो दोनच तास चालवत होते. हिरव्या पाण्याचे ते दुसरे कारण. आता घड्याळाची कळ बसवली आहे. ती पंप आपोआप चालू-बंद करते, त्यामुळे शुक्रवारी दिवा लावल्यानंतर कोणाला हात लावावा लागत नाही.

पाणी स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत तरी असावे. खाली गेले तर पंप हवा ओढतो आणि कोरडा फिरून बिघडतो. गाळणी स्वच्छ असताना दाबाच्या काट्याचा आकडा लिहून ठेवावा. काटा त्याच्यावर ०.२ ते ०.३ बार चढला की पाणी उलटे सोडून वाळू धुवावी, काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद केलाच पाहिजे. हे धुतलेले पाणी कुठे सोडायचे ते नगरपालिकेला विचारून घ्यावे. क्लोरीनचे पाणी ओढ्यात किंवा पावसाच्या गटारात सोडू नये.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच. ३० मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा-स्विच असलाच पाहिजे, आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून बघावे.

नव्या तलावाला गळती आहे का, हेही पाहून घ्यावे. बादली भरून तलावाच्या पायरीवर ठेवा, आतले आणि बाहेरचे पाणी एकाच पातळीवर. पंप बंद ठेवून एक दिवसाने बघा. दोन्हीकडे सारखे कमी झाले तर ऊन-वाऱ्याने उडाले. तलावाचे जास्त उतरले तर गळती आहे, बसवणाऱ्याला बोलवा.

हिवाळा

वोल्फ्सबुर्गची थंडी हाडे गोठवणारी. पाणी १२ अंशांखाली गेले की तलाव झोपवायचा. पण पूर्ण रिकामा करायचा नाही! जमिनीखालचे पाणी वर असेल तर ते रिकाम्या तलावाला खालून ढकलते आणि भिंती तडकतात. पाणी फक्त स्किमर आणि आत येणाऱ्या तोंडांच्या खाली उतरवायचे. पंप, नळ्या, गाळणी यांतले पाणी मात्र पूर्ण काढायचे, नाहीतर बर्फ होऊन फुटतात. आणि फाटकाची कडी हिवाळ्यातही लावायची. पातळ बर्फ मुलांना काचेसारखा खुणावतो.

मुलांसाठी पाच नियम

१. मोठे माणूस जवळ नसेल तर फाटकाच्या आत पाऊल नाही.
२. काठावरून धावायचे नाही, ढकलायचे नाही.
३. पाणी ओढणाऱ्या तोंडाजवळ केस, हात, पाय न्यायचे नाहीत.
४. औषधाच्या डब्यांना हात नाही.
५. कोणी बुडताना दिसले तर उडी मारू नका. मोठ्याने ओरडा, तरंगणारी वस्तू फेका. जर्मनीत फोन ११२, इस्राएलमध्ये १०१.

मोठ्यांसाठी एकच नियम. मुले पाण्यात असताना एकाने फक्त बघायचे. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, गप्पा नाहीत.

शेवटी पोहणे

एका मैत्रिणीने विचारले, घरात तलाव आहे तर मिकवे झाला का? नाही. मिकव्याला पावसाचे किंवा झऱ्याचे पाणी ठरावीक मापाने लागते. नळाने भरलेला, पंपाने फिरवलेला तलाव तो नव्हे.

पण दुसरी एक आज्ञा इथे पाळता येते. तालमूदमध्ये, किद्दुशीन भागात, बापाने मुलाला काय काय शिकवावे ते सांगितले आहे, आणि त्यात काहींच्या मते पोहणेही येते. मोठा नातू नऊ वर्षांचा. त्याने शहरातल्या सार्वजनिक तलावात शिकून "झेपफेर्तशेन", म्हणजे समुद्रघोडा, हा बिल्ला मिळवला. काठावरून उडी, २५ मीटर पोहणे आणि पाण्याखालची वस्तू काढून आणणे. जर्मनीची जीवरक्षक संस्था डीएलआरजी १९१३ पासून हे काम करते. तीच बजावते की समुद्रघोडा ही सुरुवात आहे. मूल खरे पोहू लागले असे ब्राँझ बिल्ल्यानंतरच समजावे.

निघायच्या आदल्या दिवशी मी काठावर खुर्ची टाकून बसले होते. वोल्फ्सबुर्ग १९३८ साली नाझी राजवटीने वसवलेले शहर. युद्धात तिथल्या कारखान्यात हंगेरीहून आणलेल्या आपल्या ज्यू बंधू-भगिनींनाही राबवले. १९३३ नंतर जर्मनीत गावोगावच्या तलावांवर ज्यूंना बंदी घालणाऱ्या पाट्या लागल्या होत्या. त्याच देशात माझी नात दंडाला फुगे बांधून, बापाच्या हातावर पालथी पडून पाय मारत होती आणि मराठीत ओरडत होती, "आजी, बघ ना!"

मी बघतच होते. फाटकाची कडी लावलेली होती.

एलियाहू हन्नाबी आपल्या सर्वांच्या लेकरांचे रक्षण करो. आमेन.