पंचांग घेऊन किनाऱ्याने

हर्णैहून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याने पायी जावयाचे, तर प्रवाशाने नकाशाआधी पंचांग उघडावे. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीतील फरक जेमतेम फूटभर असतो. तेथील पदयात्रीस तिथी पाहावी लागत नाही. कोकणात मात्र सकाळची विस्तीर्ण पुळण दुपारी पाण्याखाली जाऊ शकते.

कोळ्यांचा जुना ठोकताळा सोपा आहे. पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची अदमासे वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. अर्थात ओहोटी सकाळी नऊच्या. खडकाळ टोके ओलांडावयाची ती पाणी ओसरत असतानाच निघून. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. त्या मानानेच पुढील मुक्काम ठरवावेत.

वाटेत दाभोळला वाशिष्ठीची आणि तवसाळला शास्त्रीची खाडी आडवी येते. तेथील फेरीबोटीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. ठोकताळाही चुकू शकतो. म्हणून अखेरचा शब्द गावच्या कोळ्याचा मानावा. तो ‘थांबा’ म्हणाला, तर थांबावे. एक मुक्काम वाढला तरी बिघडत नाही. पण टोकाखाली भरतीत सापडलेल्यास पुढची वाट नसते आणि मागचीही नसते.