शहर रंगवताना – भाग 7 : आधी पांढरा घालवा

गेल्या भागात वर्ध्याच्या बाजारातून लक्ष्मीनारायण मंदिराकडे जाणारा रस्ता रेखाटला. फारसा त्रास झाला नसेल. 1866 साली पालकवाडी या खेड्याच्या जागी हे शहर आखून वसवले गेले. रस्ते सरळ, त्यामुळे दुकानांच्या नि छपरांच्या रेषा मुकाट्याने एका बिंदूला जाऊन मिळतात. एखाद्या जुन्या गावठाणातली वाकडी गल्ली घेतली असती, तर पर्स्पेक्टिव्हने घाम काढला असता.

आज रंग. पण त्याआधी कॅनव्हासचा पांढरेपणा घालवायचा आहे.

पांढऱ्यावर पहिला फटकारा कोणताही मारा, तो गडदच भासतो. मग आपण बिचकून रंग फिका करतो. सगळा कॅनव्हास भरला, आजूबाजूचा पांढरा गेला, की कळते : सावल्यांत दम नाही आणि उन्हातली भिंत नि सावलीतली भिंत जुळ्या बहिणी झाल्या आहेत. मधल्या छटेचे अस्तर असले की फिके काय नि गडद काय, हे पहिल्यापासून खरे दिसते.

अस्तराला रंग कोणता? बहुतेक पुस्तके बर्न्ट सिएना सांगतात. माझे त्यांच्याशी पटत नाही. ती पुस्तके जिथली, तिथे वर्षातले कित्येक दिवस आभाळ राखाडी. खालून येणारी तांबूस ऊब चित्राला हवीच असते. आपल्याकडे मार्च उलटला की ऊब कोणाकडे मागायला जावी लागत नाही. मी रॉ अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन ब्ल्यू आणि नखभर पांढरा मिसळतो. वाळलेल्या काळ्या मातीची धूळ रस्त्याकडेला बसते ना, साधारण तो रंग. थोडे पाणी घालून रुंद ब्रशने एक हात द्या आणि ओल्या फडक्याने हलके पुसा. पाण्याचा पूर मात्र नको. रंगाची पकड जाते. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, म्हणून वरचे काम अस्तर उचलून नेत नाही. मग रेखाटन खडूने उतरवून घ्या.

आता आधी सर्वांत गडद जागा : दुकानांच्या पत्र्याखालचा अंधार, जिन्याची तोंडे. लगेच दुसऱ्या टोकाला जा. उन्हातली भिंत टायटॅनियम व्हाइट नि येलो ऑकरने, जाड हाताने. नवतप्यात आभाळही निळे नसते, पांढुरके असते. निळ्याचा मोह आवरा. मधले बरेचसे काम अस्तरानेच करून ठेवलेले असते. कवेलूचे छप्पर तर जवळजवळ फुकटात मिळते : ओळींखालच्या सावल्या आणि वरच्या कडेवरचे चार उजेडाचे ठिपके, बाकी कॅनव्हास तसाच. एकेक कवेलू मोजून रंगवणाऱ्याचे छप्पर हटकून जड होते. विजेच्या ताराही सगळ्या घ्यायच्या नसतात. नजरेला रस्त्यात ओढतील तेवढ्या दोन-तीन पुरे.

मे महिन्यात एकदा मी सकाळी दहानंतर उघड्यावर बसलो होतो. आभाळाचा पांढरा मिसळून ब्रश धुतला, वळून पाहतो तर रंगावर दुधासारखी साय. तेव्हापासून सकाळी सातला बसतो. सावल्याही तेव्हाच लांब मिळतात. पॅलेट म्हणून स्टीलचे ताट, त्यात ओले सुती फडके, त्यावर बटर पेपर. रंग बराच वेळ ओले राहतात.

आणखी एक खोड ध्यानात असू द्या. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. त्यातला चिकट घटक ओला असताना दुधाळ असतो आणि वाळताना पारदर्शक होतो, म्हणून. भिंतीचा रंग अस्तर दिलेल्या फालतू तुकड्यावर आधी लावा, वाळू द्या, मगच चित्रात आणा.

राहिले मंदिराचे दार. रस्ता तिथेच संपतो, म्हणून नजरही तिथेच थांबणार. ट्यूबमधला काळा फासू नका; अल्ट्रामरीन नि बर्न्ट अंबर मिसळून गडद करा आणि आत कुठेतरी अस्तराची एक फट उघडी ठेवा. काळोखाला खोली येते. माझ्यापुरते आणखी एक कारण आहे : हे मंदिर जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. त्याचे दार बंद दिसलेले मला चालत नाही.

रस्त्यावर माणसे अजून नाहीत. ती पुढच्या आठवड्यात; तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा.